पूजेला बसवलेले धनुष्य

मेणाचा तो वास अजून माझ्या नाकात आहे. उदबत्तीच्या धुराखाली, झेंडूच्या कडवट दरवळाआड, तुपाच्या वातीच्या अलीकडे कुठेतरी दबा धरून बसलेला. थोडा मधाचा, थोडा सायकलच्या दुकानाचा. धनुष्याच्या दोरीला लावायचे मेण असते ते. गेल्या शरदात आमच्या देवघराला तो वास लागला आणि त्याला सर्वस्वी मी जबाबदार आहे.

देवघरात धनुष्य कसे शिरले, हे सांगायचे तर आधी हरणांविषयी सांगायला हवे.

मी पुण्यात मराठी कविता शिकले, पुढे काही वर्षे शिकवली, आणि लग्नानंतर मिनेसोटात, ईडन प्रेरीला राहायला आले. पहिल्याच पहाटे परसात हरीण दिसले आणि मी चक्क रडले. धुक्याच्या दुलईतून वर आलेले दोन कान, त्यांच्याखाली जगातील सगळे आश्चर्य साठवलेले दोन डोळे! तेव्हापासून मी हरणांवर कविता केल्या. पाडसाच्या पापणीवरील दवबिंदू या एकाच विषयावर इतक्या केल्या, की महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक एकदा फोनवर अतिशय अदबीने म्हणाले, "वहिनी, यंदा दुसरा एखादा प्राणी चालेल का?" (पुढे त्याच पाडसांनी माझे सगळे ट्यूलिप देठांसकट फस्त केले. त्यावर मात्र मी कविता केलेली नाही.)

अशा आईच्या पोटी सई जन्मली. सई दातांची डॉक्टर आहे, इथेच लहानाची मोठी झाली आणि आता जवळच स्वतःच्या अपार्टमेंटमध्ये राहते. गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी वरणभातावर लिंबू पिळता पिळता तिने जाहीर केले, की ती धनुष्यबाणाने हरणांची शिकार करायला शिकते आहे.

"काय?" मी म्हणाले.

"आई, इथे लांडगे उरले नाहीत. हरणं इतकी वाढलीयेत की विंटरमध्ये उपाशी मरतात, नाहीतर गाड्यांखाली येतात. म्हणून सिटी स्वतःच ट्रेन्ड लोकांना परमिशन देते. इट्स कॉन्झर्वेशन."

"आणि मारणार तू?"

"वन क्लीन शॉट. मीट सगळं फूड बँकेला जातं. तुला घरात काही शिजवायचं नाहीये, रिलॅक्स."

तेव्हा मी एक वाक्य उच्चारले. "पाडसाच्या आईवर बाण रोखणारी मुलगी माझ्याच कुशीत कशी वाढली, तेच मला कळत नाही!" वाक्याला लय उत्तम होती. यती अगदी जागच्या जागी पडला होता. सईने ताट सिंकमध्ये ठेवले, बूट घातले आणि ती निघून गेली.

त्यानंतर फोनवर ती माझ्याशी फक्त "फाइन" बोलू लागली. कशी आहेस? फाइन. जेवलीस? फाइन. थंडी पडायला लागली का गं तुझ्याकडे? फाइन! दंतवैद्याच्या खुर्चीत तोंड उघडून बसलेला माणूससुद्धा याहून अधिक बोलतो. सबंध ऑगस्ट मी त्या एका शब्दाच्या दारात ताटकळत काढला. माफी मागावी, तर शब्द जुळेनात. मागितलीच, तर त्या माफीलाही लय येईल आणि सगळे आणखी बिघडेल, याची भीती.

दार उघडले ते माझ्या नवऱ्यामुळे. सुधीर आयुष्यभर कारखान्यांतील यंत्रांची थरथर घालवण्याचे काम करत आला. निवृत्तीनंतर थरथरण्याजोगे त्याच्या हाती फारसे उरले नव्हते. वॉशिंग मशीनखाली नाना जातींचे रबर घालून झाले होते, छताचा पंखा ध्यानस्थ झाला होता, आणि एकदा तर सकाळच्या चहाच्या वेळी त्याने माझ्या हातातील कपबशीकडे असे काही रोखून पाहिले, की मी ती मुकाट्याने खाली ठेवली. अशा माणसाला सप्टेंबरच्या एका संध्याकाळी लेकीचा फोन आला.

"बाबा, हेल्प. बो होल्ड केला की राइटला झुकतो. आणि दसऱ्याच्या शनिवारी टेस्ट आहे, लास्ट चान्स. पास नाही झाले तर या वर्षी मला हंटमध्ये घेणार नाहीत."

"झुकतो म्हणजे नेमका किती?" सुधीरने विचारले. त्याचा आवाज इतका हळुवार आमच्या साखरपुड्यालाही नव्हता!

आमचे तळघर ऐसपैस लांब आहे. सईने त्याच्या टोकाला फोमचा ठोकळा मांडला आणि संध्याकाळी सरावाला यायला लागली. वर स्वयंपाकघरात मला आवाज येई: दोरीचा एक आखूड, ओला झणत्कार आणि मागोमाग मऊ 'थप्'. आधी मी चहा सुधीरच्या हाती खाली पाठवला. मग स्वतः जिन्यापर्यंत नेला. मग जिना उतरले. आणि शेवटी मी तळघरातील जुन्या सोफ्यावर मटार सोलत बसू लागले. सई काही बोलत नसे. पण एकदा तिने बाण काढून परत येताना, ते धनुष्यालाच लावलेल्या भात्यात खोचता खोचता, ताटलीतील मूठभर दाणे उचलून तोंडात टाकले. माझा तो अख्खा आठवडा सोन्याचा झाला.

तर प्रश्न स्टॅबिलायझरचा होता. (स्टॅबिलायझर म्हणजे फ्रिजच्या डोक्यावर बसून गुरगुरणारी पेटी, असेच मी तोवर समजत होते.) धनुष्याचा स्टॅबिलायझर म्हणजे पुढच्या बाजूला स्क्रूने बसवायची एक दांडी आणि तिच्या टोकाला पोलादाच्या गोल चकत्या. दोरीवर चालणारी डोंबाऱ्याची पोर हातात आडवी काठी धरते, तसाच प्रकार. त्या वजनाने धनुष्य हातात शांत राहते. दांडी लांब असली तर अधिक शांत, पण रानात फांद्यांना अडकते. आखूड असली तर सुटसुटीत, पण डुलते. आणि धनुष्य एका अंगाला कलत असेल, तर दुसऱ्या बगलेला आणखी एक दांडी मागे वळवून लावायची. नेम धरायच्या कड्यात गवंड्याच्या पाणसळीसारखी इवलीशी नळी असते. तिच्यातला बुडबुडा मधोमध थांबला, की धनुष्य सरळ.

आमचा बुडबुडा काही केल्या मधोमध थांबेना.

आम्ही तिघे धनुष्यबाणांच्या दुकानात गेलो. तिथल्या बाईंनी काउंटरवर दांड्यांची रास घातली आणि काही कळायच्या आत टेप काढून माझेच हात पसरवून मोजायला घेतले; धनुष्य किती ताणायचे, ते म्हणे त्यावरून ठरते.

"नो, नो," मी म्हणाले, "मी फक्त आई आहे."

"या दांडीची स्वाभाविक कंपनसंख्या काय?" सुधीरने त्यांना इंग्रजीत विचारले. बाईंनी त्याच्याकडे पाहिले, राशीकडे पाहिले, आणि त्या जेवायला निघून गेल्या.

"बाबा, मला ही छोटीच बरी वाटते," सई म्हणाली.

"छोटीला जडत्व कुठलं? अगं, झुकाव उजवीकडे आहे. म्हणजे डाव्या बगलेला दांडी हवी, तीही मागे. पुढे लांब, मागे आखूड, मागे वजन जास्त, पुढे कमी!"

"ओके बाबा."

"ही काळी छान दिसते," मी म्हणाले. मलाही मत होते!

"ओके आई." गेल्या कित्येक आठवड्यांत प्रथमच तिने 'फाइन'हून वेगळा शब्द मला उद्देशून वापरला होता. मी त्या काळ्या दांडीला मनोमन नमस्कार केला.

पुढचे दिवस तळघरात प्रयोगशाळा चालली. सुधीर फळ्यावर बाण काढी (फळ्यावरचे बाण सगळे लागत!), चकत्या इकडून काढून तिकडे लावी, बगलेची दांडी केसभर फिरवी. सई ताणून धरी, सुधीर बुडबुड्याकडे बघे, मी सुधीरकडे बघे. आणि एका संध्याकाळी बुडबुडा मधोमध येऊन असा थांबला, जणू त्याला तिथेच राहायचे होते आणि आम्हीच त्याला इतके दिवस त्रास देत होतो. सईने सोडलेले बाण एकमेकांना खेटून रुतले. सुधीरने चष्मा काढून पुसला.

"आता याला कुणीही हात लावायचा नाही," तो म्हणाला आणि, काहीही कारण नसताना, माझ्याकडे पाहिले.

दोन दिवसांनी खंडेनवमी आली.

आमच्या घरी खंडेनवमीला झाडून सगळ्या हत्यारांची पूजा होते. विळी, सुऱ्या, कात्री, सुधीरचे पाने, शिवणयंत्र. बर्फ ढकलायच्या यंत्राला गॅरेजमध्येच लांबून फूल. त्या सकाळी पाट मांडताना मला सुचले, की या वर्षी धनुष्यही पूजेला बसवावे. लेकीला जे मला बोलून दाखवता येत नव्हते, ते झेंडूची फुले बोलतील. तिच्या शस्त्राला मी हळदकुंकू वाहिले, म्हणजे ती समजायचे ते समजेल. कवितेत याला सूचकता म्हणतात. व्यवहारात याला काय म्हणतात, ते पुढे कळेलच.

सुधीर वाण्याकडे आंब्याचे डहाळे आणायला गेला होता. मी तळघरातून धनुष्य आणले आणि पाटावर ठेवले. ते मावेना! पुढची दांडी समईला टेकली, बगलेची नैवेद्याच्या वाटीत शिरली. देवासमोर कोंबाकोंबी बरी नव्हे. मी दांड्या फिरवल्या, त्या निघाल्या. चकत्याही फिरवल्या, त्याही निघाल्या. सगळे सुटे भाग ओल्या फडक्याने पुसून पाटावर पाकळ्यांसारखे मांडले. फार देखणे दिसत होते.

आता सुपारीचा गणपती. तांदळाच्या राशीवर सुपारी ठेवावी, तर ती घरंगळे. पुन्हा ठेवावी, पुन्हा घरंगळे. आणि तेवढ्यात माझे लक्ष चकतीकडे गेले. तिच्या मधोमध छानसे भोक होते. राशीवर चकती ठेवली, चकतीच्या भोकावर सुपारी ठेवली. काय सांगू! गजानन असे स्थानापन्न झाले, की भूकंपानेही हलले नसते. स्टॅबिलायझर कशासाठी असतो, हे मला त्या क्षणी अगदी मनापासून पटले.

यथासांग पूजा झाली. सगळ्यांना हळदकुंकू, अक्षता, फुले. मग धनुष्य पुन्हा जोडायला घेतले आणि ध्यानात आले, की कुठल्या चकत्या पुढे होत्या आणि कुठल्या मागे, हे मला आठवत नाही. पण ज्या बाईने वर्षानुवर्षे वृत्ते शिकवली, तिला तोल कोणी शिकवावा? चरण समान तर श्लोक सरळ! मी चकत्या पुढे-मागे सारख्या वाटल्या. बगलेची दांडी नजरेला गोड वाटेल अशा कोनात बसवली.

आणि मग पाटाकडे वळून पाहिले. एक चकती अजून गणपतीखालीच होती.

ती काढणार कशी? प्रतिष्ठापना झालेला देव उत्तरपूजेशिवाय हलवायचा नाही, आणि आमच्या सासरी ती दसऱ्याच्या संध्याकाळी सीमोल्लंघन करून आल्यावर करतात. मी क्षणभर विचार केला. म्हटले, एवढ्याशा चकतीने काय होणार आहे? शिवाय खुद्द विघ्नहर्ता तिच्यावर बसला आहे!

संध्याकाळी सई शेवटच्या सरावाला आली. जिना उतरणार, इतक्यात मी आडवी आले.

"आज नाही. आज शस्त्रांना विश्रांती असते. बघ, मी सुऱ्यासुद्धा वापरल्या नाहीत, पिठलंभात केलाय."

"आई, उद्या टेस्ट आहे!"

"उद्या सकाळी वापर ना. पूजा झालीये त्याची."

"कोणाची?"

मी देवघराकडे बोट केले. पाटाच्या शेजारी, झेंडूच्या माळेखाली तिचे धनुष्य निजले होते, दोरीच्या मेणावर निरांजनाची ज्योत हलत होती. सई कितीतरी वेळ बघत राहिली. मग पायांतले मोजे काढून आत गेली, वाकली आणि नमस्कार करून म्हणाली, "थँक्स, आई."

त्या दोन शब्दांनंतर मी तिला चकतीचे सांगणार होते, असे जर कोणास वाटत असेल, तर त्याला आईच्या काळजाची काहीही कल्पना नाही.

दसऱ्याची सकाळ कुडकुडणारी होती. रानाच्या कडेला मैदान, ओल्या पानांचा वास, नारिंगी टोप्या घातलेली माणसे आणि दूर ओळीने मांडलेली लक्ष्ये. परीक्षक होते डेल नावाचे एक आजोबा. पांढऱ्या मिशा, आवाज लाकडासारखा कोरडा. कुटुंबीयांनी दोरीच्या मागे उभे राहायचे होते. मी माझ्या शालीचे टोक पिळत उभी राहिले. माझी हरणे पलीकडच्या झाडीतून बघत असणार, आणि मी मात्र आयुष्यात प्रथमच बाणाच्या बाजूने प्रार्थना करत होते!

परीक्षेआधी सरावाचे बाण सोडायचे असतात. सईने धनुष्य उचलले आणि त्याने चक्क मान टाकली. पुढची दांडी जमिनीकडे बघू लागली. सईने ते वर केले, ताणले. आता ते डावीकडे कलले. बाण सुटला आणि लक्ष्याच्या पायाशी गवतात शिरला. दुसरा त्याच्या शेजारी. तिसऱ्याने लक्ष्याचा लाकडी पाय धरला.

"बाबा!" सई वळून ओरडली. "हे लेफ्टला का जातंय? महिनाभर राइटला जात होतं!"

सुधीर पांढरा पडला. मी आणखी पांढरी पडले. सईने तपासायला चकतीवर बोटे फिरवली आणि हात वर करून पाहिला. बोटे लालभडक!

"ओ माय गॉड, तुला लागलंय!" डेल आजोबांनी इंग्रजीत आरोळी ठोकली आणि त्या वयात अशक्य अशा वेगाने प्रथमोपचाराची पेटी आणायला धावले. दोघेतिघे नारिंगी टोपीवाले त्यांच्यामागे पळाले. क्षणात सईभोवती गराडा पडला, कोणी पट्टी सोडतोय, कोणी तिला खाली बसवतोय.

"नो, नो, इट्स नॉट ब्लड!" सईने बोटे हुंगली. मग माझ्याकडे बघितले. मग त्यांच्याकडे. "इट्स... रिलिजस."

डेल आजोबांनी ताबडतोब टोपी काढून छातीशी धरली.

दोरी ओलांडायची नव्हती, तरी मी ओलांडली.

"आई, तू हे उघडलं होतंस?"

"पाटावर मावत नव्हतं गं."

"आणि एक वेट कमी का आहे?"

"ते... त्याच्यावर गणपती बसलाय."

"कुठे?"

"भोकात."

"अगं, मग काढायचं ना ते!" सुधीर कळवळून म्हणाला.

"उत्तरपूजेच्या आधी?"

सुधीर थबकला. आयुष्यभर यंत्रांवर विश्वास ठेवलेला तो माणूस म्हणाला, "हो, तेही खरंच."

"बाबा!"

"आणि सई," सुधीरचा आवाज खाली खाली गेला, "पहाटे पेटीत भरताना मला ती बगलेची दांडी जरा विचित्र वाटली. मला वाटलं, रात्रीच्या थंडीने धातू आकुंचन पावला असेल. म्हणून मी ती थोडी फिरवली."

"किती थोडी?"

सुधीरने हाताने दाखवले. ते थोडे नव्हते.

सई खाली मान घालून चकत्या पुन्हा मोजू लागली. तेच मला सोसेना. उन्हाळ्यात याच मुलीला मी लयीत दुखावले होते, आणि आता तिच्या परीक्षेच्या ऐन घटकेला तिचे शस्त्र माझ्याच हळदकुंकवाने माखून लुळे पडले होते. जगातील कुठल्या मुलीला यात योगायोग दिसेल? "सई," मी म्हणाले, "मी मुद्दाम नाही गं केलं." याहून अधिक चांगले वाक्य मला सुचले नाही. लयही नव्हती त्याला.

"बाबा, ॲलन की," सई म्हणाली.

सुधीरच्या खिशात ती षटकोनी किल्ली असतेच (आमच्या लग्नातही होती). सईने भराभर बगलेची दांडी काढली आणि सुधीरच्या हातात दिली. पुढची लांब दांडी काढली; तीही दिली. स्वतःच्या बॅगेच्या तळातून तिने एक आखूड दांडी बाहेर काढली, जी दुकानात तिला बरी वाटली होती, आम्ही दोघांनी मोडीत काढली होती आणि तिने गुपचूप विकत घेतली होती, आणि तिच्यावर एकच चकती फिरवली. मग धनुष्याच्या उजव्या अंगाला लावलेला बाणांचा भाता 'खट्' आवाज करून सोडवला, परीक्षेपुरते बाण काढून घेतले आणि तो माझ्या हातात ठेवला.

"धर. मागे उभी राहा. काहीही उघडू नकोस."

सुधीर भात्याकडे बघतच राहिला. "हा... निघतो?"

"ऑफ कोर्स निघतो."

"म्हणजे जे उजवीकडे झुकत होतं ते..."

"भात्याचं वजन."

"आणि मी महिनाभर त्या भात्याविरुद्ध..."

"हो, बाबा."

"तू मला सांगितलं का नाहीस?"

"नंतर," सई म्हणाली आणि रेषेवर जाऊन उभी राहिली.

मी भाता छातीशी धरून उभी होते. बाणांची पिसे माझ्या हनुवटीला लागत होती. कुठेतरी एक खार पाने उपसत होती, तेवढाच आवाज. सईने धनुष्य उचलले. दिवसभर लोकांच्या तोंडात सुई धरणारा तो हात. खांदे खाली आले, श्वास थांबला, आणि दोरी तीच माझ्या ओळखीची ओली ओळ म्हणाली. थप्. पुन्हा थप्. मला लक्ष्याकडे बघवेना. मी डेल आजोबांच्या मिशांकडे बघत होते. प्रत्येक बाणागणिक त्या मिशा थोड्या थोड्या रुंद होत गेल्या. शेवटच्या बाणाला त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली आणि म्हणाले, "वेल, यंग लेडी, रानात भेटू."

मी तिथेच ओल्या पानांत बसले. (भाता मात्र उंच धरला होता. काहीही उघडले नाही.) सुधीर डोळे पुसत होता आणि पुसता पुसता दांड्यांचे वजन हातात तोलून बघत होता.

पार्किंगमध्ये मी थर्मासमधून चहा ओतला. सईने पेला दोन्ही हातांनी धरला. बोटांवर कुंकू अजून होते.

"भाता काढला की सरळ होतं, हे मला सप्टेंबरमध्येच कळलं होतं," ती म्हणाली.

"मग?" सुधीर जवळजवळ ओरडला.

"मग काय! बाबा, तुम्ही किती हॅपी होतात. फळा काय, ॲरोज काय. आणि ही," तिने माझ्याकडे हनुवटी उडवली, "ही चहा घेऊन खाली यायला लागली. मटार घेऊन बसायला लागली. भाता काढला असता तर इट वुड बी ओव्हर, ना?"

मी चहाच्या वाफेत तोंड लपवले. वाफ फार उपयोगी असते. थोड्या वेळाने धीर करून विचारले, "आणि मघाशी तुला वाटलं नाही, आईने मुद्दाम बिघडवलं असं?"

"आई," सई हसायला लागली, अगदी लहानपणी हसायची तशी, खांदे हलवत, "मुद्दाम बिघडवायला आधी ते कळावं लागतं!"

सुधीर इतका हसला, की त्याच्या हातातील दांड्या खणखणल्या. मीही हसले. ऑगस्टपासून छातीत धरून ठेवलेला श्वास एकदाचा सुटला. आणि सुटकेने माणूस किती शेफारतो बघा: मी तिच्या गळ्यात हात टाकून म्हणाले, "मग पुढच्या वर्षी खंडेनवमीला देशील ना मला धनुष्य पूजेला?"

सईने धनुष्य पेटीत ठेवले. पेटी बंद केली, कुलूप लावले, ओढून बघितले. पेटी स्वतःच्या गाडीच्या डिकीत ठेवली आणि डिकीलाही कुलूप लावले. मग, नाजूक दाढ काढायच्या आधी ती रुग्णाकडे बघत असेल, तशा अपार मायेने माझ्याकडे बघितले, लाल बोटांनी माझा गाल थोपटला आणि म्हणाली:

"फोटो."